वाचनालयाची किल्ली

श्रोतेहो, तुमच्या गावात वाचनालय आहे का? असेल, तर तिथल्या कपाटांची किल्ली कुणाकडे असते, हे तुम्हांला ठाऊक आहे का? प्रश्न साधा वाटेल. पण वाचनालय जिवंत आहे की नुसती पाटीच शिल्लक आहे, हे त्या किल्लीवरून कळतं.

मी स्वतः एका तालुक्याच्या गावी काही वर्षं हे काम पाहिलं. काम हाती घेतलं त्या दिवशी एका कपाटाची किल्लीच सापडेना. आधीचे चिटणीस परगावी गेलेले. शेवटी कुलूप तोडलं. वरच्या फळ्या ठीक होत्या. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तकं उचलायला गेलो, तर हातात नुसते पुठ्ठे आले. आत सगळी माती! वाळवीनं पानं केव्हाच फस्त केली होती. नोंदवही काढून पाहिली. तिच्यात एकही पुस्तक गहाळ नव्हतं. कारण त्या कपाटातलं पुस्तक कित्येक वर्षांत कुणाला दिलंच नव्हतं. ‘लोक परत आणत नाहीत’ म्हणून वाचकाला नाकारलं, ते सारं वाळवीच्या पोटात गेलं.

म्हणून पहिली गोष्ट ध्यानात घ्या. वाचनालयाची श्रीमंती कपाटात किती पुस्तकं आहेत यावर मोजू नका; आज किती पुस्तकं लोकांच्या घरी आहेत यावर मोजा. डॉ. रंगनाथन हे मद्रासला गणिताचे प्राध्यापक होते. १९२४ साली ते तिथल्या विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला पहिलाच नियम असा की, पुस्तकं ही उपयोगासाठी आहेत. एके काळी युरोपात पुस्तकं साखळीनं फळीला बांधून ठेवत असत. आपण साखळी बांधत नाही, कुलूप लावतो, इतकाच फरक!

आता तुम्ही म्हणाल, ‘कपाटं उघडी टाकली तर पुस्तकं जातील.’ काही जातील. पण त्याला उपाय कुलूप नव्हे, नोंद आहे. पुस्तक आलं की प्रथम दाखल नोंदवहीत चढवावं. दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत आणि आल्याची तारीख लिहावी. देणगीचं असेल तर देणाऱ्याचं नावही. तोच क्रमांक पुस्तकावर घालावा. मागच्या पुठ्ठ्याला आतून कागदाचा एक खिसा चिकटवावा. त्यात त्या पुस्तकाचं जाड कागदाचं पत्र ठेवावं. वाचक पुस्तक नेईल तेव्हा ते पत्र काढून घ्यायचं, त्यावर वाचकाचा क्रमांक लिहायचा आणि परतीच्या तारखेप्रमाणे एका डब्यात लावायचं. मुदत टळलेली पत्रं आपोआप डब्याच्या पुढच्या बाजूला राहतात. आठवड्यातून एकदा डबा पाहिला की कुणाकडे निरोप धाडायचा ते कळतं. निरोपही गोडीनं धाडावा. दंडाच्या धाकानं पुस्तक परत येतं, पण कधी कधी वाचक परत येत नाही.

खिशासमोर तारखांची एक पट्टीही चिकटवा. दर वेळी तीवर परतीची तारीख घाला. वर्षाअखेर या पट्ट्या चाळून पाहा. कुठलं पुस्तक दर पंधरवड्याला बाहेर जातं, कुठल्या पट्टीवर एकही तारीख नाही, ते दिसेल. नवीन खरेदी करताना याच पट्ट्यांचा सल्ला घ्यावा. नाहीतर होतं काय, समितीतल्या दोघाचौघांची आवड तीच गावाची आवड ठरते. द्राक्ष-कांद्याच्या गावात रोग-किडींवरचं एकही पुस्तक नसतं, आणि न वाचलेले गौरवग्रंथ मात्र ओळीनं उभे असतात.

जतन करणं अवघड नाही. मांडणी भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. वाळवी भिंतीतून आणि जमिनीतून चढते. सर्वांत खालची फळी जमिनीला टेकू देऊ नका. पावसाळ्यात दमट हवा राहिली की कसर लागते. म्हणून पाऊस सरताच पुस्तकं काढून झटकावीत आणि सावलीत वाऱ्यावर ठेवावीत. कडक उन्हात घालू नयेत, कागद कडकतो. पण सगळ्यांत चांगलं औषध म्हणजे वाचकाचा हात. जे पुस्तक महिन्यातून दोनदा हलतं, त्याच्यावर वाळवीला घर करायला सवड मिळत नाही.

उघडण्याच्या वेळेचाही विचार करा. शेतावरचा माणूस दिवेलागणीला गावात परततो, आणि आपण त्याच वेळी दार लावतो! बायाबापड्यांना दुपारी थोडी उसंत असते. आज अनेक ठिकाणी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं दिवसभर वाचनालयात बसतात, ही चांगली गोष्ट आहे. पण त्यांच्यासाठी खोली राखताना आजोबांचं वर्तमानपत्राचं बाक आणि लहान मुलांचा कोपरा जाता कामा नये.

आणि जे येऊ शकत नाहीत, त्यांच्याकडे आपण जावं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बोलावले आणि संस्थानात खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. तंजावर भागात मन्नारगुडीला १९३१ साली बैलगाडीतून ग्रंथालय हिंडलं. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे काम तुमच्यावाचून होणार नाही. वाडीवरच्या शाळेसाठी वाचनालयातून तीसेक पुस्तकांची पेटी न्या. महिनाभर ती शाळेत उघडी ठेवा, मग बदलून आणा. देवघेवीची वही मोठ्या मुलांना लिहू द्या. पोर पुस्तक घरी नेतं, तेव्हा ते घरातल्या चौघांपर्यंत पोहोचतं.

पैशाचं काय, असं कुणी विचारील. आपल्याकडे लोकांनी वर्गणी काढून वाचनालयं उभारल्याची परंपरा मोठी आहे. रत्नागिरीचं वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं १८४० सालचं. पुढं १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मद्रास राज्याच्या १९४८ च्या कायद्यानं ग्रंथालयांसाठी कर बसवला होता. आपल्या कायद्यानं तसा कर बसवला नाही. लोकांच्या संस्थेनं वाचनालय चालवावं आणि शासनानं मान्यता देऊन अ, ब, क, ड या वर्गांप्रमाणे अनुदान द्यावं, अशी ही रीत आहे. त्यासाठी संस्था नोंदलेली हवी, हिशेब चोख हवा, तपासणीला दप्तर पुरं हवं. अनुदानाला कधी उशीर होतो, कधी ते अपुरं पडतं. सेवकाचा पगार थकला की दार उघडायलाच कुणी राहत नाही. अशा वेळी गावानं पाठीशी उभं राहायला हवं. वर्गणी थोडी असली तरी ती देणारे पुष्कळ असावेत. ज्यानं दोन पैसे दिले, तो दार बंद दिसलं तर विचारायला येतो.

म्हणून मंडळी, एवढंच करा. उद्या संध्याकाळी आपल्या गावच्या वाचनालयात जा. एखादं बंद कपाट दिसलं, तर ते उघडायला सांगा. आतलं एक पुस्तक स्वतःच्या नावावर घरी न्या, वाचा, आणि वेळेवर परत करा. पुढच्या खेपेला शेजाऱ्याला बरोबर घेऊन जा.