गाजर गवताचा त्वचाशोथ

गाजर गवताचा त्वचाशोथ : (काँग्रेस गवताची ॲलर्जी). गाजर गवताच्या (पार्थेनियम हिस्टेरोफोरस; कुल–कंपॉझिटी) संपर्काने त्वचेला येणारी दाहयुक्त सूज. मूळच्या अमेरिकेतील या तणाची पुण्यातील नोंद आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे ते देशभर पसरले.

वाळलेल्या झाडाचे कण वाऱ्याने उडून चेहरा, पापण्या व मान यांवर बसतात. त्यांतील पार्थेनीन हा लहान रेणू त्वचेतील प्रथिनांशी जोडला गेल्यावरच प्रतिजन ठरतो. अपित्वचेतील लांगरहान्स कोशिका व तिच्या खालच्या थरातील शाखायुक्त कोशिका तो जवळच्या लसीका ग्रंथीत नेतात. तेथे टी-कोशिकांना शत्रूची ओळख तर होतेच, शिवाय जणू पत्ताही मिळतो : त्वचेतून आलेल्या कोशिकांनी उद्दीपित केलेल्या टी-कोशिका त्वचेकडे, तर आतड्यातून आलेल्यांनी उद्दीपित केलेल्या आतड्याकडे परततात. त्यामुळे पुढील संपर्कानंतर एकदोन दिवसांनी खाज व पुरळ त्वचेवरच उठतात. याउलट, त्याच झाडाचे पराग नाकात गेल्यास काहींना आयजी-ई प्रतिपिंडे व मास्ट कोशिका यांच्याद्वारे मिनिटांत शिंका सुरू होतात.

एकाच शेतात खुरपणी करणाऱ्या सर्वांनाच हा विकार होत नाही. टी-कोशिकांपुढे प्रतिजन मांडणारी एचएलए प्रथिने जीनांनुसार व्यक्तिगणिक भिन्न असतात. मात्र संपर्कावाचून केवळ जीनांमुळे विकार उद्‌भवत नाही.

स्टेरॉइड मलमांनी सूज उतरते, टी-कोशिकांची स्मृती मात्र टिकते. विकार चिरकारी झाल्यास कातडी जाड व काळपट होते; अशा वेळी ॲझाथायोप्रीन देतात. झाडे फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावीत.