लिपी नदीकाठी थांबते, आवाज पलीकडे जातो
श्रद्धा ऑनलाइन : लेखांक ५

पंढरपूरच्या ऑनलाइन दर्शनाची गोष्ट मागच्या लेखांकात झाली. तिथं छापील गाथा आहेत, घरोघरी फोटो आहेत. गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीच्या जंगलपट्ट्यातल्या गोंडांचा कोया पुनेम, म्हणजे त्यांचा धर्म, मात्र मुखपाठावर टिकला. कोणतं कूळ किती देवांचं, सोयरीक कोणाशी जमते, पेनपूजेला, म्हणजे देवपूजेला, कोणतं गाणं म्हणायचं, हे सारं जाणत्यांच्या तोंडी.

आलापल्लीहून एक रस्ता भामरागडला जातो, एक एटापल्लीला, एक सिरोंच्याला. सिरोंच्याखाली नदी ओलांडली की तेलंगणा. गोंडी दोन्ही काठांवर बोलतात. पण अलीकडच्या काठावर ती देवनागरीत लिहिली जाते, पलीकडे तेलुगू लिपीत. त्यामुळे लिहिलेला निरोप नदीकाठी अडतो. रेकॉर्ड केलेलं गाणं अडत नाही.

आवाजाची ही ताकद पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी ओळखली. २०१० मध्ये त्यांनी मध्य भारतातल्या आदिवासी भागासाठी ‘सीजीनेट स्वर’ ही फोनवरची सेवा सुरू केली. तिला इंटरनेट लागत नाही, साधा फोन पुरतो. ठरलेल्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, उलट फोन येतो. बोलायचं असेल तर १ दाबा, ऐकायचं असेल तर २. बातम्या-तक्रारींसाठी उघडलेल्या या वाटेनं गोंडी गाणीही आली.

लिपीचं कामही पुढं सरकलं. मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये तयार केलेली गोंडी लिपी २०१७ मध्ये युनिकोडमध्ये आली. चंद्रपूरला लागून असलेल्या आदिलाबादमधल्या गुंजाळा गावच्या हस्तलिखितांतली लिपी २०१८ मध्ये आली. आता दोन्ही लिप्या मोबाइलवर उमटू शकतात. पण त्या वाचणारे अजून थोडे आहेत.

२०११ च्या जनगणनेत सुमारे दहा लाख लोकांनी आपला धर्म ‘गोंडी’ असा नोंदवला. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला माघ पौर्णिमेच्या यात्रेला अनेक राज्यांतून गोंड येतात. ज्यांना येणं जमत नाही, ते यात्रेचे व्हिडिओ मोबाइलवर पाहतात.

इथं एक पेच आहे. कचारगडची यात्रा सगळ्यांची. पेर्सापेनची, म्हणजे कुळाच्या थोर देवाची, पूजा मात्र त्या त्या कुळाची. ती कोणी पाहायची, कोणतं गाणं कधी म्हणायचं, याला मर्यादा आहेत. व्हिडिओ एकदा ग्रुपवर पडला की या मर्यादा उरत नाहीत. शिवाय नाव-गाव न जोडता फिरणारं गाणं कोणाचं, हेही काही वर्षांत सांगता येणार नाही.

म्हणून आलापल्ली परिसरातल्या तरुणांना विनंती: आजी-आजोबांची गाणी नक्की रेकॉर्ड करा, उशीर करू नका. पण आधी गायत्याला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, आणि कुळातल्या जाणत्यांना विचारा, गाणाऱ्याचं नाव, गाव आणि प्रसंग सोबत नोंदवा. आणि जे बाहेर दाखवायचं नाही असं ते सांगतील, ते घरच्या मेमरी कार्डातच राहू द्या.