घोड्यावरचा संसार

गाडीतच घर थाटून महिनोन्‌महिने फिरणाऱ्यांचं आज कौतुक होतं. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले ठेलारी मेंढपाळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या असेच राहतात. फक्त त्यांचं वाहन घोडं. भांडी, अंथरूण, कोंबड्या, चालता न येणारी कोकरं, कधी लहान मूलही त्याच्या पाठीवर.

पावसाळा सरला की कुटुंबं एकत्र येऊन वाडा निघतो, परततो तो पुढच्या पावसाच्या सुमारास. पुरुष मेंढरं चारतात; सामान बांधणं, पुढच्या मुक्कामी बिऱ्हाड मांडणं बायकांकडे. खरं कसब तेच, असं मला वाटतं. वाटेत शेतकरी मेंढरं रानात बसवून घेतात. लेंड्या-मुताचं खत शेताला मिळतं, मेंढपाळाला धान्य किंवा पैसे.

पण पाटाचं पाणी आलं तिथे दुसरं पीक उभं राहतं. मोकळं रान उरत नाही. जंगलात चराईवर निर्बंध, महामार्गावर भरधाव ट्रक, रात्री लांडगा नि चोर. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे धान्य आता परगावीही घेता येतं. मुलांच्या शाळेचं कोडं अवघड: एक तर वसतिगृह, नाहीतर गावी आजी-आजोबा.