तपासणी बाईची, गिऱ्हाइकाचं काय?

रेल्वे रुळांलगतच्या भिंतींवर ठळक अक्षरांत रंगवलेला ‘गुप्तरोग’ हा शब्द वाचत आपल्यातले बरेचजण लहानाचे मोठे झाले. शब्द मोठा सोयीचा आहे. रोग गुप्त, रोगी गुप्त आणि ज्याच्याकडून तो आला तो तर त्याहून गुप्त. सगळ्यांना दिसते ती फक्त वस्तीतल्या दारात उभी असलेली बाई. त्यामुळे कुठलीही साथ आली की पहिलं बोट तिच्याकडे जातं. एचआयव्हीच्या वेळी गेलं, कोविडच्या वेळीही गेलं. त्या बोटामागचे काही समज इतके मुरलेले आहेत की चांगले शिकलेसवरलेले लोकही ते माहिती म्हणून सांगतात.

“एड्स पसरवला तो याच बायकांनी”

या समजाला एक आधार असल्यासारखा वाटतो. भारतात एचआयव्हीची लागण पहिल्यांदा सिद्ध झाली ती १९८६ मध्ये चेन्नईत, आणि ती धंदा करणाऱ्या बायकांमध्येच. डॉ. सुनीती सॉलोमन (माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या) आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी ते काम केलं. पण नमुने घेतले कुठे? सरकारी गृहात ठेवलेल्या बायकांचे. त्या कुठे जाऊ शकत नव्हत्या, म्हणून त्यांचं रक्त मिळणं सोपं होतं. त्यांच्याकडे येऊन गेलेल्या पुरुषांचं रक्त कोण आणि कुठून आणणार? जिथे शोधलं तिथे सापडलं, आणि जिथे सापडलं तिथूनच सुरू झालं असं लोकांनी ठरवून टाकलं. यात संशोधकांचा दोष नाही. निष्कर्ष आपण काढला.

दुसरी बाजू दाखवणारं काम आपल्या पुण्यातच झालं. भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या बायकांची तपासणी केली. धंदा करणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्या बाधित निघाल्या. पण ज्यांचा धंद्याशी काडीचा संबंध नव्हता, त्यांच्यातही १३.६ टक्के बाधित होत्या. यातल्या बहुतेक लग्न झालेल्या, आणि नवऱ्याखेरीज दुसऱ्या पुरुषाशी संबंध न आलेल्या. त्यांच्या घरात विषाणू आला तो उंबरठ्यावर चप्पल काढून. हे गंगाखेडकर म्हणजे २०२० मध्ये रोज संध्याकाळी टीव्हीवर कोविडची माहिती देताना दिसायचे तेच.

शरीरशास्त्रही बाईच्या विरोधात आहे. असुरक्षित संबंधात पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याचा धोका उलट दिशेपेक्षा जास्त असतो. म्हणजे धंद्यातली बाई आधी लागण झालेली आणि मग देणारी. तिच्याकडून घेऊन गावोगाव नेणारा, आणि बहुधा तिलाही आणून देणारा, तो गिऱ्हाईक. ती एका खोलीत असते. फिरतो तो.

हा एकतर्फी हिशेब नवा नाही. ब्रिटिशांनी आपल्या सैनिकांना उपदंश होऊ नये म्हणून १८६८ मध्ये हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. बाईने नाव नोंदवायचं, ठरल्या दिवशी तपासणीला यायचं, रोग आढळला तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये अडकून पडायचं. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, दोन वर्षांत गुंडाळला आणि १८८० मध्ये पुन्हा आणला. बायका नोंदणी चुकवायच्या, पत्ते बदलायच्या. गंमत म्हणजे उपदंशावर खात्रीचं औषध तेव्हा कोणाकडेच नव्हतं. पाऱ्याचे उपचार चालत, साल्व्हर्सान हे औषध आलं ते १९१० मध्ये. म्हणजे त्या इस्पितळात बरं कोणाला करणार होते? शिपायाला मात्र नोंदणी नाही आणि कोंडणं नाही. इंग्लंडात समाजसुधारक जोसेफीन बटलर यांनी हाच मुद्दा लावून धरला. तिथला कायदा १८८६ मध्ये आणि इथला १८८८ मध्ये रद्द झाला.

“धरा, तपासा, बंद करा, साथ थांबेल”

स्वतंत्र भारतातही हे करून पाहिलं गेलं. १९९० मध्ये मुंबईच्या वस्त्यांमधून आठशेवर तमिळ बायकांना खास रेल्वेगाडीने मद्रासला नेण्यात आलं, तिथे सुधारगृहांत ठेवून त्यांच्या तपासण्या झाल्या. १९९६ च्या सुरुवातीला कामाठीपुऱ्यात मोठे छापे पडले. सोडवलेल्यांत नेपाळी मुली बऱ्याच होत्या, आणि त्यांना परत घ्यायला त्यांचं स्वतःचंच सरकार एड्सच्या धास्तीने का-कू करत होतं. मुंबईतल्या वस्त्यांमध्ये बाधितांचं प्रमाण त्या दशकाच्या मध्यावर निम्म्यापर्यंत पोचलं होतं. छाप्यांनी ते खाली आणलं नाही. छापा पडला की बायका पांगतात, नव्या जागी ओळख नसते, दवाखाना माहीत नसतो आणि देणं मात्र वाढलेलं असतं. अशा वेळी गिऱ्हाइकाने “निरोध नको, शंभर जास्त देतो” म्हटलं तर नाही म्हणायची ताकद कुठून आणायची?

ती ताकद कशी येते हे कोलकात्याच्या सोनागाछीत दिसलं. डॉ. स्मरजित जाना १९९२ मध्ये तिथे गेले ते एचआयव्हीची पाहणी करायला. कंडोमचा वापर तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास होता. जानांनी वस्तीतल्या बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या केलं, आणि त्यांना काय हवंय ते विचारलं. त्यांना पोलिसांचा त्रास थांबायला हवा होता, मुलांना शाळा हवी होती आणि सावकाराच्या व्याजातून सुटका हवी होती. त्यातून १९९५ मध्ये दुर्बार महिला समन्वय समिती उभी राहिली, आणि ‘उषा’ ही सहकारी पतसंस्थाही. पतसंस्थेच्या नोंदणीत सभासदाच्या सच्छीलतेची अट आडवी आली. ‘गृहिणी’ म्हणून नोंदवा अशी पळवाट समोर होती. बायकांनी ती नाकारली आणि धंदा करणाऱ्या म्हणूनच नोंदणी मिळवली. पतसंस्थेचं मोल सांगली-कोल्हापूरच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. घरात चार पैसे शिल्लक असले की गिऱ्हाईक परत पाठवता येतं. दशक संपेपर्यंत तिथला कंडोमचा वापर ऐंशी टक्क्यांच्या आसपास गेला, आणि बाधितांचं प्रमाण मुंबईच्या तुलनेत कितीतरी कमी राहिलं. डॉ. जाना मे २०२१ मध्ये कोविडने गेले.

आपल्याकडे सांगलीत मीना सरस्वती शेषू यांच्या ‘संग्राम’ने १९९२ पासून हेच काम धरलं. त्यातून १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ निघाली. ‘वेश्या’ हा शब्द बायकांनी मुद्दाम नावात ठेवला. सभ्य पर्यायी शब्द शोधत बसण्यात त्यांना रस नव्हता.

हे काम जवळून पाहिलं तर त्यात भाषणबाजी कमी आणि बारकावे जास्त. पाकीट दाताने फाडायचं नाही, कडेने बोटांनी फाडायचं. टोकाची हवा काढायची. वरची तारीख बघायची. दोन कंडोम एकावर एक घातले की दुप्पट सुरक्षा, हा पुरुषांचा आवडता समज. प्रत्यक्षात दोन्ही एकमेकांवर घासून फाटायची भीती. आणि खोबरेल तेल! आपल्याकडे कोनाड्यात ती बाटली असतेच, पण तेल किंवा व्हॅसलीन लागलं की लॅटेक्स पाहता पाहता कमजोर होतं. पाण्यात मिसळणारं वंगणच चालतं. कुठल्याही पोस्टरपेक्षा हे शेजारच्या खोलीतल्या बाईने सांगितलेलं पटकन पटतं. पुढची पायरी एकीची: गल्लीतल्या सगळ्याच घरांनी ‘कंडोमशिवाय नाही’ म्हटलं की गिऱ्हाईक घासाघीस करायला जाणार कुठे?

अवघड जागा वेगळीच आहे. गिऱ्हाइकाला नाही म्हणणारी बाई तिच्या ‘मालका’ला, म्हणजे ज्याला ती नवऱ्यासारखं मानते त्याला, नाही म्हणू शकत नाही. तिथे कंडोम म्हणजे अविश्वास. ही अडचण आपल्या सोसायट्यांमधल्या बायकांनाही अनोळखी नाही.

आज देशपातळीवर धंदा करणाऱ्या बायकांतलं बाधितांचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत आहे. सर्वसाधारण प्रौढांपेक्षा ते अजूनही कितीतरी जास्त आहे, पण निम्म्यावरून बोलायला सुरुवात केली होती हे विसरून चालणार नाही. आणि एक छोटी गोष्ट, जी अजून फार थोड्यांना ठाऊक आहे: नियमित औषधं घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून लागण होत नाही. ही औषधं सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळू लागली. आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय कोणाची तपासणी करता येत नाही, बाधित असल्याची बातमी फोडता येत नाही. वस्तीतल्या बाईचीसुद्धा.

“धंदा बेकायदाच आहे” आणि “कोर्टाने तो कायदेशीर केला”

दोन्ही वाक्यं मी एकाच आठवड्यात ऐकली आहेत. दोन्ही चूक.

१९५६ चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा, बोलीभाषेत ‘पिटा’, प्रौढ बाईने स्वतःहून पैसे घेऊन संबंध ठेवणं हा गुन्हा मानत नाही. गुन्हा आहे तो कुंटणखाना चालवणं, दलाली करणं, सार्वजनिक ठिकाणी गिऱ्हाईक बोलावणं, ठरावीक सार्वजनिक जागांच्या आसपास धंदा करणं. अठरा वर्षांखालच्या मुलीच्या बाबतीत मात्र ‘स्वतःहून’ हा शब्दच लागू होत नाही. तिथे सरळ गुन्हा. जबरदस्तीने किंवा फसवून आणलेल्या बाईचंही तसंच. हक्कांची भाषा बोलणाऱ्या संघटना हा फरक पक्का धरून असतात, तो पुसट होतो आपल्या चर्चेत. सप्टेंबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सुधारगृहात ठेवलेल्या तीन सज्ञान तरुणींना सोडायला सांगितलं तेव्हा हेच स्पष्ट केलं: या कायद्यात वेश्याव्यवसाय हा गुन्हा नाही, आणि सज्ञान बाईला तिच्या मर्जीविरुद्ध डांबता येत नाही.

मग १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि काही दिवसांत मथळे झळकले की वेश्याव्यवसायाला व्यवसायाचा दर्जा मिळाला. तसं काही झालं नव्हतं. न्यायालयाने नेमलेल्या समितीने दहा शिफारशी केल्या होत्या. त्यातल्या चारांवर केंद्र सरकारने हरकत घेतली, आणि छाप्यात बायकांना अटक करू नये ही शिफारस त्या चारांतलीच. उरलेल्या सहा, नवा कायदा होईपर्यंत पाळाव्यात असं न्यायालयाने सांगितलं. त्यातली एक साथीच्या दृष्टीने फार मोलाची आहे: कंडोमसारखी आरोग्याची साधनं गुन्ह्याचा पुरावा धरायची नाहीत. इतकी वर्षं सरकारचा एक विभाग खोक्याने निरोध वाटत होता आणि दुसरा विभाग छाप्यात तेच निरोध पंचनाम्यात मांडत होता. पुरावा नको म्हणून बाईने उशाखालचं पाकीट फेकून दिलं, तर त्या रात्री आरोग्य खात्याचं काम पोलीस खात्याने बुडवलं असं म्हणायचं.

“कोविड या वस्त्यांमधून पसरणार”

२०२० च्या उन्हाळ्यात परदेशी विद्यापीठांशी संबंधित काही संशोधकांनी गणिती अंदाज मांडला की रेड लाइट वस्त्या दीर्घकाळ बंद ठेवल्या तर रुग्णसंख्या मोठ्या प्रमाणात टळेल. देशभरातल्या बायकांच्या संघटनांनी त्यावर हरकत घेतली. वस्त्या टाळेबंदीत ठप्पच होत्या. आणि कोविड श्वासातून पसरतो; गर्दीची एसटी, मंडई, लग्नाचा हॉल, सगळीकडे. मग एकाच धंद्याचं गणित का मांडलं गेलं, याचं उत्तर मला विज्ञानात सापडत नाही. १८६८ च्या कायद्यात सापडतं.

खरा प्रश्न पोटाचा होता. काम बंद, खोलीचं भाडं चालू, आणि रेशन दुकानात पहिला सवाल: “ताई, कार्ड आहे का?” रेशन कार्डाला पत्त्याचा पुरावा लागतो. भाड्याच्या खोलीत घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणारीच्या, मर्जीवर राहणाऱ्या बाईकडे तो असतोच असं नाही, आणि गावाकडच्या कार्डावरून नाव कधीच कमी झालेलं. २९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, ओळखपत्राचा आग्रह न धरता या बायकांना कोरडा शिधा द्या. टाळेबंदीला तेव्हा सहा महिने झाले होते. महाराष्ट्र सरकारने ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी महिना ५,००० रुपये जाहीर केले, शाळेत जाणारं मूल असलेल्यांना २,५०० जादा. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने ऑक्टोबरमध्ये या बायकांना असंघटित कामगारांत धरा असा सल्ला दिला, त्यावर गदारोळ झाला, आणि पुढच्याच महिन्यात ‘मानवतेच्या भूमिकेतून’ अशी दुरुस्ती करण्यात आली. मदत चालते, कामगार हा शब्द चालत नाही.

“यांना काय, पोरंबाळं थोडीच असतात”

असतात. शिकतातही. पण ‘पिटा’च्या चौथ्या कलमात एक वाक्य आहे: दुसऱ्याच्या वेश्याव्यवसायाच्या कमाईवर जाणूनबुजून पूर्णतः किंवा अंशतः जगणारी अठरा वर्षांवरची कोणतीही व्यक्ती दोन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र. ते लिहिलं गेलं दलालांसाठी. पण त्यात मुलगा वगळलेला नाही, म्हातारी आईही नाही. बारावीनंतर अठरा पूर्ण झालेला मुलगा कॉलेजची फी आईच्या पैशातून भरतो, तेव्हा त्या पावतीवर त्याचं नाव असतं आणि कायद्याच्या अक्षराने तो आरोपी असतो. आईकडे रात्री येऊन गेलेल्या गिऱ्हाइकाचं नाव कुठल्याच कागदावर नसतं.