प्रोसेसरचा कूलर आणि कारेगावचा मे महिना

शिरूर तालुक्यातील कारेगाव हे पुणे–अहिल्यानगर महामार्गावर, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून वसलेले गाव आहे. पठारावरची कोरडी हवा, एप्रिल–मे महिन्यांत दुपारी चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपास आणि कधी त्याहूनही वर जाणारे तापमान आणि अवजड वाहनांनी उडवलेली धूळ हे तेथील उन्हाळ्याचे नेहमीचे रूप आहे. अशा ठिकाणी एखाद्या तरुण अभियंत्याने, व्हिडिओ संपादकाने किंवा संगणकीय खेळांच्या शौकिनाने आपला प्रोसेसर ओव्हरक्लॉक करायचे, म्हणजे उत्पादकाने नेमून दिलेल्या वारंवारतेपेक्षा अधिक वेगाने चालवायचे ठरवले, तर त्याच्यासाठी कूलर निवडताना करावी लागणारी आकडेमोड वातानुकूलित खोलीत चाचणी घेणाऱ्या परीक्षकाच्या आकडेमोडीहून वेगळी असते. बाजारात नावाजलेल्या बहुतेक कूलरांची कीर्ती वीस ते पंचवीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या चाचण्यांवर उभी असून मे महिन्यातील कारेगावात तीच यंत्रे तेवढेच काम करतील असे गृहीत धरणे ही खरेदीतील सर्वांत महागडी चूक ठरते.

प्रोसेसरमधील प्रत्येक ट्रान्झिस्टर उघडताना आणि मिटताना अत्यल्प विद्युतभार साठवतो आणि सोडतो, आणि या क्रियेत खर्च होणारी शक्ती वारंवारतेच्या प्रमाणात, परंतु विद्युतदाबाच्या म्हणजे व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारंवारता वाढवली की ट्रान्झिस्टरांना वेळेत उघडझाप करण्यासाठी बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते, त्यामुळे दोन्ही दहा टक्क्यांनी वाढवल्यास वेगाचा लाभ फार तर दहा टक्के होतो, उष्णता मात्र सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढते. त्यात भर पडते ती गळती प्रवाहाची, म्हणजे ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून झिरपणाऱ्या विजेची, कारण तापमान चढत जाते तशी ही गळती वाढते आणि वाढलेली गळती पुन्हा तापमान चढवते. इंटेलच्या कोअर आय९-१४९००के या प्रोसेसरची जाहीर कमाल शक्ती २५३ वॅट असून त्याच्या सिलिकॉनच्या तुकड्याचे क्षेत्रफळ सुमारे २५७ चौरस मिलिमीटर, म्हणजे अडीच चौरस सेंटिमीटरांहून किंचित अधिक आहे, यावरून प्रत्येक चौरस सेंटिमीटरमधून सुमारे शंभर वॅट उष्णता बाहेर पडते असे दिसते. घरातील हजार वॅटच्या इस्त्रीच्या तळातून तेवढ्याच जागेतून पाच-सात वॅटच बाहेर पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे कूलरपुढील कामाची अवघडता कळते.

ही अवस्था नेहमीच नव्हती. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये सहकाऱ्यांसह मांडलेल्या नियमानुसार ट्रान्झिस्टर जसा लहान होतो तसे त्याला लागणारे व्होल्टेजही कमी होते आणि प्रति क्षेत्रफळ उष्णता स्थिर राहते. परंतु एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात गळती प्रवाहामुळे व्होल्टेज आणखी उतरवता येईना, आणि २००४ मध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत रद्द केला. तेव्हापासून वेगाची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

सिलिकॉनच्या गाभ्यात निर्माण झालेली उष्णता धातूच्या झाकणात, तेथून औष्णिक पेस्टमधून कूलरच्या तळात, तळातून नलिकांत, नलिकांतून पत्र्यांत आणि शेवटी हवेत जाते. या वाटेतील प्रत्येक टप्पा काही अडथळा करतो आणि या सर्व अडथळ्यांच्या बेरजेला औष्णिक रोध म्हणतात. एक वॅट उष्णता वाहून नेण्यासाठी गाभा आणि हवा यांच्या तापमानांत किती अंशांचा फरक पडावा लागतो, हे तो सांगतो. या व्याख्येतच निवडीचे सारे मर्म आहे, कारण कूलर गाभ्याचे तापमान ठरवत नाही, तो केवळ हवेपेक्षा गाभा किती अंशांनी वर राहील एवढेच ठरवतो. समजा, एखाद्या उत्तम कूलरसह एकूण रोध वॅटमागे ०.३ अंश आहे, कॅबिनेटमधील हवा खोलीपेक्षा सहा अंशांनी अधिक तापलेली आहे आणि एएमडीच्या रायझेन ९ ७९५०एक्सप्रमाणे प्रोसेसरची तापमानमर्यादा ९५ अंश आहे. पुण्यातील चोवीस अंशांच्या वातानुकूलित कचेरीत कॅबिनेटमधील हवा तीस अंशांची असेल, पासष्ट अंशांचा फरक हाती राहील आणि कूलर सुमारे २१७ वॅट पेलू शकेल. कारेगावातील चाळीस अंशांच्या खोलीत मात्र कॅबिनेटमधील हवा शेहेचाळीस अंशांची असून फरक एकोणपन्नास अंशांचाच उरेल, आणि तोच कूलर १६३ वॅटवर थकेल. कूलरमध्ये काहीही न बिघडता त्याची चतुर्थांश ताकद हवेने काढून घेतलेली असते. मर्यादा ओलांडू लागताच प्रोसेसर स्वतःची वारंवारता आपोआप उतरवतो, आणि ओव्हरक्लॉक करून मिळवलेला वेग ऐन दुपारी, काम सर्वाधिक असताना, हातातून निसटतो.

उष्णता तळातून पत्र्यांपर्यंत नेणारी उष्णतानलिका, म्हणजे बाजारातील भाषेत हीट पाइप, ही या यंत्रातील खरी करामत आहे. बाहेरून भरीव दिसणाऱ्या तांब्याच्या या नळीत हवा काढून टाकून थोडेसे पाणी ठेवलेले असते आणि तिच्या आतील भिंतीवर तांब्याच्या भुकटीचा सच्छिद्र थर असतो. दाब कमी असल्यामुळे पाणी शंभर अंशांपेक्षा खूपच खालच्या तापमानाला उकळते, वाफ पत्र्यांकडील थंड टोकाला जाऊन पुन्हा पाणी होते, आणि ते पाणी सच्छिद्र थरातून केशाकर्षणाने तळाकडे परत येते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषली जाते, त्यामुळे अडीचशे वॅट वाहून नेण्यासाठी दर सेकंदाला एक दशांश ग्रॅम पाण्याची वाफ होणे पुरेसे ठरते. ओव्हरक्लॉक करणाऱ्याने या नलिकेची एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवावी: उष्णता बेसुमार वाढली की पाणी परत येण्याच्या वेगापेक्षा उडून जाण्याचा वेग अधिक होतो, तळाकडील टोक कोरडे पडते आणि नलिका जवळजवळ निकामी होते. सहा मिलिमीटर व्यासाची एक नलिका साधारणपणे तीस ते पन्नास वॅट पेलत असल्याने चार नलिकांचा कूलर साध्या वापराला पुरतो, परंतु ओव्हरक्लॉकिंगसाठी सहा किंवा अधिक नलिकांचा, दोन मनोऱ्यांचा, म्हणजे पत्र्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला कूलर घ्यावा.

या नलिकेची कल्पना जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांनी १९४२ मध्ये दाखल केलेल्या आणि १९४४ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटात प्रथम आली, ती फ्रिजमधील शीतनासाठी होती. पुढे १९६३ मध्ये लॉस अलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधून प्रत्यक्षात आणली. कारेगावच्या शेजारी, रांजणगावच्या वसाहतीत एलजी, व्हर्लपूल आणि हायर यांचे फ्रिजचे कारखाने आहेत, आणि तेथे काम करणाऱ्याला फ्रिज व प्रोसेसरचा कूलर यांतील भेद सहज कळेल: फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर बाहेरून ऊर्जा खर्च करून उष्णता थंड जागेतून गरम जागेकडे ढकलतो, म्हणून फ्रिज खोलीपेक्षा थंड होऊ शकतो, उष्णतानलिकेत असा कोणताही रेटा नसल्यामुळे उष्णता केवळ गरमाकडून थंडाकडे वाहते आणि खोलीच्या तापमानाखाली उतरणे तिला अशक्य असते.

हवेच्या टप्प्यावर कारेगावची उंचीही थोडी आडवी येते. समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंचीवर आणि चाळीस अंशांना एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.०५ किलोग्रॅम भरते, तर समुद्रकिनारी वीस अंशांना ते १.२ किलोग्रॅम असते, म्हणजे पंखा तेवढ्याच फेऱ्या मारून बारा-तेरा टक्के कमी हवा पुढे सारतो. अडीचशे वॅट उष्णता हवेचे तापमान दहा अंशांनी वाढवून काढायची असेल, तर येथे दर सेकंदाला सुमारे चोवीस लिटर हवा पत्र्यांमधून जायला हवी. पंख्याचा वेग वाढवून ही भरपाई करता येते, परंतु वेग दुप्पट केल्यास आवाज सुमारे पंधरा डेसिबलने चढतो, म्हणून लहान पंखा जोरात पळवण्यापेक्षा १४० मिलिमीटरचा मोठा पंखा संथ फिरवणे केव्हाही बरे.

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. तो कोणत्या खोलीत, कोणत्या प्रोसेसरवर आणि किती अंशांच्या फरकाने मोजला यासाठी सर्व उत्पादकांना बांधून घेणारा नियम नाही, आणि याच कारणाने ऑस्ट्रियातील नॉक्टुआ कंपनी असा आकडा न देता स्वतःचे तुलनात्मक गुणांकन देते. चाचणीचा अहवाल वाचताना खोलीपेक्षा प्रोसेसर किती अंशांनी वर राहिला, हा फरक शोधावा आणि त्यात आपल्या खोलीचे मे महिन्यातील तापमान मिळवावे. थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई आणि डीपकूलचा एके६२० हे सहा नलिकांचे, दोन मनोऱ्यांचे कूलर मध्यम किमतीत ओव्हरक्लॉकिंगसाठी वर सुचवलेल्या वर्गात बसतात. नॉक्टुआचा २०२४ मधील एनएच-डी१५ जी२ आठ नलिकांचा असून तळाच्या फुगीरपणानुसार तीन प्रकारांत मिळतो, कारण इंटेलच्या १७०० पिनांच्या सॉकेटमधील पकडीने प्रोसेसरचे झाकण किंचित वाकते आणि तळ त्याला जुळला नाही तर पेस्टचा थर मध्येच जाड राहतो. या कूलरची उंची १६८ मिलिमीटर आणि पंख्यांसह वजन दीड किलोग्रॅमच्या घरात असल्याने कॅबिनेटची रुंदी आणि रॅमच्या पट्ट्यांची उंची आधी मोजावी, आणि संगणक गाडीतून पुण्याला न्यायचा झाल्यास कूलर उतरवूनच न्यावा, नाही तर खड्ड्यांचे हादरे मदरबोर्ड सोसतो.

द्रवशीतन, म्हणजे बंद नळ्यांतून पाणी खेळवणारा कूलर, हा पर्याय पुष्कळांना मोहवतो. पुण्यातील आयसर संस्थेत २०१९ मध्ये सी-डॅकने उभारलेल्या ‘परम ब्रह्म’ या महासंगणकात प्रोसेसरपर्यंत द्रव नेण्याची पद्धत वापरली आहे, आणि दाटीने बसवलेल्या हजारो गाभ्यांसाठी ती योग्यच आहे. घरगुती संगणकात मात्र पाण्याने उचललेली उष्णताही शेवटी रेडिएटरमधून त्याच चाळीस अंशांच्या हवेत टाकावी लागते. मोठ्या रेडिएटरमुळे काही अंशांचा लाभ मिळतो, त्या बदल्यात पंप बंद पडण्याची आणि गळतीची चिंता येते. हवेच्या कूलरमध्ये बिघडण्यासारखा भाग पंखा एवढाच आहे आणि तो कोणालाही बदलता येतो.

कारेगावच्या कोरड्या उन्हाळ्यात याहून प्रभावी उपाय खोलीतच मिळतो. हवा चाळीस अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता वीस टक्के असेल, तर बाष्पीभवनाने तिला जास्तीत जास्त बावीस-तेवीस अंशांपर्यंत उतरवता येते, म्हणून पाण्याचा साधा कूलर खिडकीत योग्य रीतीने लावल्यास खोली तीस अंशांपर्यंत येणे शक्य असते, आणि वरच्या उदाहरणातील प्रोसेसर-कूलरची पेलण्याची ताकद १६३ वॅटवरून सुमारे १९७ वॅटवर जाते. प्रोसेसर हवेपेक्षा गरमच राहत असल्याने त्यावर दव साचत नाही, परंतु या कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट सोडू नये, कारण त्यातील सूक्ष्म तुषारांसोबत कूपनलिकेच्या जड पाण्यातील क्षार आत जातात. पावसाळ्यात हवाच दमट झाल्यामुळे हा उपाय चालत नाही, पण तेव्हा त्याची गरजही उरत नाही.

धुळीचा प्रश्न याहून चिवट आहे. पत्र्यांमधील फट सुमारे दोन मिलिमीटरची असते, तिच्या तोंडाशी धुळीचा नमदा जमला की वाऱ्याची वाट बंद होते आणि सर्वोत्तम कूलरही सामान्य ठरतो. कॅबिनेटमध्ये आत हवा घेणारे पंखे बाहेर टाकणाऱ्यांपेक्षा अधिक ठेवून त्यांच्यापुढे जाळी बसवावी, जाळी आठवड्याला झटकावी, आणि उन्हाळ्याच्या आरंभी पंख्याची पाती बोटाने धरून ब्लोअरने पत्रे साफ करावेत.

उरतो तो ओव्हरक्लॉकिंगच्या औचित्याचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. आजचे प्रोसेसर कारखान्यातूनच आपल्या क्षमतेच्या टोकाजवळ चालवून बाहेर पडतात. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसर अवाजवी व्होल्टेजमुळे अस्थिर होऊ लागल्याने कंपनीला २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतील सूचनासंच, दुरुस्त करून द्यावा लागला आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवावी लागली. म्हणून अडीचशे वॅटच्या प्रोसेसरला मे महिन्यात आणखी व्होल्टेज देऊन हवेच्या कूलरवर चालवण्याचा प्रयत्न कारेगावात करू नये. तो साधणार नाही. आठ गाभ्यांचा, दीडशे वॅटच्या आत राहणारा प्रोसेसर आणि सहा नलिकांचा कूलर ही जोडी तेथे माफक ओव्हरक्लॉक वर्षभर टिकवू शकते. व्होल्टेज पाच टक्क्यांनी उतरवले तर उष्णता सुमारे दहा टक्क्यांनी घटते आणि कित्येकदा वेग तोच राहतो, तेव्हा बायोसमध्ये आधी हा प्रयोग करावा, तो स्थिर ठरल्यावरच वारंवारता वाढवावी आणि अंतिम चाचणी रात्रीच्या गारव्यात न घेता दुपारी तीनच्या उन्हात घ्यावी.