०३२३३

जानेवारी २०२५च्या अखेरीस गुहागरच्या पुळणीवर एक ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला वर आली. थंडीच्या दिवसांत कोकणात यात नवल नाही. नवल होतं ते तिच्या परावर. तिथे धातूची बारीकशी पट्टी अडकवलेली होती आणि पट्टीवर आकडा होता, ०३२३३. त्याचा माग काढल्यावर कळलं, की भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या संशोधकांनी ही पट्टी मार्च २०२१मध्ये ओडिशात, गहिरमाथ्याच्या किनाऱ्यावर लावली होती. बंगालच्या उपसागराकाठी वाळू उकरून गेलेली ही बाई चार वर्षांनी अरबी समुद्राकाठी हजर!

मधे अख्खं द्वीपकल्प आडवं पडलंय. श्रीलंकेला वळसा घालून यायचं तर साधारण साडेतीन हजार किलोमीटर पोहावं लागतं. वजनाने चाळीस किलोच्या आसपास, पाठीची ढाल जेमतेम दोन-सव्वादोन फूट, असा हा जीव.

पण अंतरापेक्षा दुसरीच गोष्ट मोठी आहे. ओडिशाचं आणि कोकणाचं कासव नावाने एकच असलं, तरी त्यांची रीत निराळी. तिकडे ‘अरिबाडा’ भरतो. ठरावीक काही रात्रींत लाखो माद्या एकाच किनाऱ्यावर चढतात, इतक्या की नंतर आलेली आधीचीचं घरटं उकरून टाकते. आपल्याकडे सगळा एकटीचा कारभार : आज वेळासला एक, परवा आंजर्ल्याला एक. त्यामुळे पूर्वेची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी, असंच बरेचजण धरून चालले होते. ओडिशात पट्टी लावलेल्या माद्या श्रीलंकेपर्यंत जातात हे जुनंच ठाऊक होतं. तिथून वळून थेट कोकणात येऊन अंडी घालतील, हे कोणाच्या हिशेबात नव्हतं.

ही पट्टी लावतात कधी, हेही पाहण्यासारखं आहे. भरतीच्या रेषेच्या वर आल्यावर मादी थोडी वाळू बाजूला सारते आणि मग मागच्या दोन्ही परांनी खड्डा खणू लागते. एक पर आत जातो, टोक वळवून ओंजळभर वाळू उचलतो, बाहेर टाकतो, लगेच दुसरा. मान वळवून ती एकदाही मागे बघत नाही, तरी दीड फूट खोल, तोंडाला अरुंद आणि तळाला फुगीर असा सुरईसारखा खड्डा तयार होतो. पर पोहोचेनासा झाला की खणणं थांबतं. मग शंभराच्या आसपास अंडी, दोन-दोन, तीन-तीन अशी पडत जातात. एकदा अंडी पडायला लागली की ती सहसा उठत नाही, आणि संशोधक नेमकी हीच वेळ गाठतात. डोळ्यांतून पाणी वाहत असतं, त्यावरून लोक हळहळतात. प्रत्यक्षात ते शरीरातलं जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथींचं काम असतं. शेवटी ती खड्डा बुजवते आणि पोटाच्या ढालीने डाव्या-उजव्या अंगाला आपटत वाळू धोपटते. ते धप धप थोड्या अंतरावरूनही ऐकू येतं.

आता त्या पट्टीने नेमकं सांगितलं काय? फार थोडं. कासव ‘ओडिशातून पोहत कोकणात आलं’ असं आपण म्हणून टाकतो, जणू ते सरळ वाट धरून निघालं होतं. पट्टीला ठाऊक असतात फक्त दोन जागा आणि दोन तारखा. मधली चार वर्षं कोरी. या काळात ती कुठे चरली, किती फेऱ्या मारल्या, आणखी कुठे अंडी घातली, यातलं काहीच आकड्यात नाही.

मधली वाट दाखवणारं साधन वेगळं, सॅटेलाइट टॅग. हा पाठीवर चिकटवतात. कासव श्वास घ्यायला वर आलं आणि अँटेना पाण्याबाहेर निघाली की उपग्रहाला संदेश जातो. भारतीय वन्यजीव संस्था आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने जानेवारी २०२२मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ नावाच्या मादीला असा टॅग लावला. पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑलिव्ह रिडलेसाठी हा पहिलाच प्रयोग. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेल्या ‘बागेश्री’ने श्रीलंका ओलांडून बंगालचा उपसागर गाठला. म्हणजे ०३२३३च्या उलट्या दिशेने ही वाट आधीच उमटली होती! पण हे यंत्र महागडं, आणि काही महिन्यांत गप्प होतं : बॅटरी संपते, अँटेना तुटते किंवा टॅगच निखळतो. स्वस्तातली पट्टी मात्र वर्षानुवर्षं परावर राहते. तिला हवा असतो फक्त एक माणूस, जो रात्री पुळणीवर वाकून आकडा वाचेल. कासवांचे अभ्यासक आर्ची कार यांनी १९५५मध्ये कोस्टा रिकातल्या तोर्तुगेरोच्या किनाऱ्यावर पट्ट्या लावायला सुरुवात केली, तेव्हा पट्टी परत पाठवणाऱ्याला बक्षीस देण्याची सोय ठेवली होती. शहाणा माणूस! विज्ञानाचा अर्धा भार मच्छीमारांवर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक असावं.

खुणेचा दगड नाही, किनारा दिसत नाही, तरी ही जनावरं वाट कशी काढतात? याचा सगळ्यात चकित करणारा तपास अमेरिकेत केनेथ लोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर नुकती अंड्यातून निघालेली लॉगरहेड कासवांची पिल्लं त्यांनी घेतली. समुद्र कधी पाहिलेलाच नाही, अशी. त्यांना मऊ कापडाचा चिमुकला अंगरखा चढवला, दोरीने बांधून पाण्याच्या गोल टाकीत सोडलं आणि भोवती तारांची वेटोळी उभारली. तारांतला वीजप्रवाह बदलला की टाकीतलं चुंबकीय क्षेत्र बदलतं. पोर्तुगालजवळच्या समुद्रात जसं क्षेत्र असतं तसं दिल्यावर पिल्लांनी दक्षिणेची दिशा धरली. प्रत्यक्षात तिथे उत्तरेला गेलं तर थंड पाण्यात मरण आहे. दूर दक्षिणेकडचं क्षेत्र दिलं, तर ती वायव्येच्या बाजूला वळली. प्रत्येक वेळी निवडलेली दिशा त्यांना अटलांटिकच्या गोल फिरणाऱ्या उबदार प्रवाहात ठेवणारी होती. हे २००१मध्ये प्रसिद्ध झालं. टाकी तीच, खोली तीच, आणि पिल्लू मात्र आपण हजारो किलोमीटर दूर आहोत असं समजून पोहतंय!

मोठ्या माद्या जन्मकिनाऱ्याची चुंबकीय ओळख जपून त्याच भागात परततात, असा लोमन यांचा कयास. फ्लोरिडातल्या घरट्यांच्या जुन्या नोंदींतून २०१५मध्ये त्याला बळही मिळालं. ०३२३३ इथे पंचाईत करते. दोन समुद्र, दोन किनारे. यातला जन्मकिनारा कुठला, की दोन्ही नाहीत? एका मादीवरून सिद्धान्त मोडत नाही, पण ‘माहेर एकच’ हे रिडलेच्या बाबतीत जरा सैल धरायला हवं, असं मला वाटतं.

आणि तसं असेल तर एकट्या ओडिशाला किंवा एकट्या कोकणाला जपून भागणार नाही. वेळासला २००२ सालापासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी अंडी सर्रास काढून नेली जात. आता कासवमित्र पहाटे माग पाहत फिरतात, अंडी कुंपणातल्या हॅचरीत तशाच खड्ड्यात पुरतात आणि पन्नासेक दिवसांनी पिल्लं पाण्यात सोडतात. यात एक मेख आहे. पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं : साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या वाढतात, खाली नर. म्हणून हॅचरी कुठे बांधली, सावली किती, खड्डा किती खोल, हे तपशील किरकोळ नव्हेत. सोडलेल्या पिल्लांची संख्या पेपरात छापून येते. त्यात नर किती, हे कोणी छापत नाही.

पिल्लाच्या पराला पट्टी पेलत नाही, त्यामुळे २००२ची वेळासची पिल्लं आज अंडी घालण्याच्या वयाची झाली असली तरी ओळखायची कशी, हा प्रश्न उरतोच. नरांची तर आणखी पंचाईत. ओडिशाच्या समुद्रात जोड्या जमतात तेव्हा बोटीतून काही नरांनाही पट्ट्या लावल्या गेल्या आहेत. पण एकदा पाण्यात उतरलेला नर सहसा पुन्हा वाळूवर येत नाही, आणि आकडा वाचणारा माणूस तर वाळूवरच उभा असतो.