एक्याण्णव खुर्च्या

१५ सप्टेंबर २०१७ हा दिवस महाराष्ट्रातल्या शाळांनी फुटबॉल खेळून साजरा केला. सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक तीन आठवड्यांवर आला होता आणि एका दिवसात राज्यातल्या दहा लाख मुलांनी चेंडूला पाय लावायचा, असा सरकारचा बेत होता. त्यासाठी शाळांना लाखभर फुटबॉल वाटायचे ठरले. फुटबॉलचा व्यास साधारण २२ सेंटिमीटर. असे लाख चेंडू एकाला एक टेकवून रस्त्याच्या कडेनं मांडले, तर ओळ २२ किलोमीटरची होते. छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकातून मांडायला सुरुवात केली, तर ही ओळ छावणी ओलांडून, दौलताबादचा किल्ला मागे टाकून थेट खुलताबादच्या घाटात शिरेल.

आता दुसरी ओळ मांडू. देशातली सगळ्यात वरची स्पर्धा म्हणजे इंडियन सुपर लीग. २०२४-२५च्या हंगामात तिच्यात १३ क्लब होते. नियम असा की मैदानावर एका वेळी एका संघाचे चारच परदेशी खेळाडू असू शकतात. म्हणजे उरलेले सात तरी भारतीय. तेरा साते एक्याण्णव. या ९१ जणांना खांद्याला खांदा लावून उभं केलं आणि माणशी अर्धा मीटर धरला, तर ओळ भरते साडेपंचेचाळीस मीटरची. एका गोलपासून निघालेली ही ओळ मैदानाच्या मध्यरेषेपर्यंतही पोचत नाही.

चेंडू किती, मुलं किती, याचे आकडे आपल्याकडे मोठ्या हौसेनं जाहीर होतात. खुर्च्या किती, हे कोणी सांगत नाही. म्हणून प्रत्येक शहरात एक माणूस हमखास भेटतो, ज्याचं फुटबॉलमधलं करिअर ‘जरासं राहिलं’. संभाजीनगरच्या आमखास मैदानाच्या कडेला संध्याकाळी उभं राहा, तो तुम्हाला सापडेल. युनिव्हर्सिटी खेळलेला, कलर होल्डर, ब्लेझर अजून कपाटात. कुठल्यातरी क्लबच्या ट्रायलपर्यंत गेला होता. मग गुडघा गेला, किंवा वडील गेले, किंवा परीक्षा आडवी आली. तो खोटं बोलत नसतो. फक्त ते ‘जरासं’ नेमकं किती होतं, हे त्याला कोणी मोजून दाखवलेलं नसतं.

मोजू या. समजा, हा डाव्या पायाचा विंगर आहे आणि संभाजीनगरच्या एका महाविद्यालयात शिकतोय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या पदरात चार जिल्हे आणि चारशेहून जास्त महाविद्यालयं. आंतरमहाविद्यालयीन सामने होतात, निवड चाचणी होते आणि वीसेक जणांचा विद्यापीठ संघ पश्चिम विभागाच्या स्पर्धेला निघतो. इथवर आला तो कलर होल्डर. घरच्यांच्या आणि गल्लीच्या हिशेबात इथंच तो मोठा खेळाडू झालेला असतो. पण देशात २०२१-२२च्या सरकारी पाहणीत १,१६८ विद्यापीठं मोजली गेली. प्रत्येकानं वीस जणांचा फुटबॉल संघ उतरवला असं धरलं, तर कलर होल्डर झाले २३,३६०.

हे तेवीस हजार त्या ९१ खुर्च्यांकडे बघताहेत. पण खुर्च्या दरवर्षी रिकाम्या होत नाहीत. बरा खेळाडू आठ वर्षं टिकतो असं धरा. मग वर्षाला रिकाम्या होणाऱ्या जागा ९१ भागिले ८, म्हणजे अकरा. अख्ख्या देशात, वर्षाला, एक संघ. राखीव खेळाडूंनाही मोजा आणि प्रत्येक क्लबात पंचवीस भारतीय धरा, तरी आकडा चाळिशीच्या आसपास जातो. त्यातही जागा आपल्या स्थानाची असायला हवी. रिकामी झालेली खुर्ची गोलकीपरची असेल, तर विंगरला तिचा काय उपयोग?

गोल करणाऱ्यांची गत तर आणखी बिकट. २०२४-२५मध्ये लीगमध्ये सर्वाधिक २३ गोल केले नॉर्थईस्ट युनायटेडच्या अलाएद्दिन अजाराईनं, तो मोरोक्कोचा. भारतीयांत सर्वाधिक १४ गोल सुनील छेत्रीचे, वयाच्या चाळिशीत. छेत्री मोहन बागानमध्ये आला २००२ साली. म्हणजे स्ट्रायकरची एक खुर्ची बावीस-तेवीस वर्षं एकाच माणसाखाली होती, आणि या काळात बारावी होऊन, पदवी घेऊन, नोकरीला लागून, लग्न होऊन पोटं सुटलेल्या फॉरवर्डांच्या किती पिढ्या झाल्या असतील कोण जाणे. गंमत म्हणजे छेत्रीही मुळात कॉलेजचाच. कोलकात्याच्या आशुतोष कॉलेजात बारावीला असताना २००१मध्ये आशियाई शालेय स्पर्धेसाठी त्याला बोलावणं आलं आणि शिक्षण मागे राहिलं.

त्याचीही एक गोष्ट ‘जरासं राहिलं’चीच आहे. २००९मध्ये लंडनच्या क्वीन्स पार्क रेंजर्सनं त्याच्याशी तीन वर्षांचा करार ठरवला होता. इंग्लंडनं कामाचा परवाना नाकारला. कारण त्याचा खेळ नव्हता, देशाचा क्रमांक होता. फिफाच्या यादीत पहिल्या सत्तरांत असलेल्या देशाच्याच खेळाडूला सहसा परवाना मिळे, आणि भारत सत्तरच्या पुष्कळ खाली होता. भारताची आजवरची सर्वोत्तम जागा ९४वी, तीही फेब्रुवारी १९९६मधली. म्हणजे भारत त्या नियमात बसेल असा एक दिवसही कधी उगवला नव्हता.

कोल्हापूरच्या अनिकेत जाधवचं नाव इथं घ्यायलाच हवं. वडील रिक्षाचालक, शिक्षण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत, आणि २०१७च्या त्या विश्वचषकात भारताच्या एकवीस जणांत निवड. पुढे २०१९मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे तीन महिने सराव करायची संधी त्याला मिळाली. हा क्लब पुण्याच्या व्यंकीज समूहाच्या मालकीचा. पुणेकर मालक, कोल्हापूरचा खेळाडू, लँकेशरचं मैदान! करार काही झाला नाही. तो परत आला आणि इथल्या लीगमध्ये खेळत राहिला. देशात अकरा जागा निघतात त्यातली एक त्यानं पटकावली, हेच केवढं मोठं आहे ते वरचा हिशेब पाहिल्यावर कळतं. आपला विंगर ज्या वयात आंतरमहाविद्यालयीन संघात येतो, त्या वयापर्यंत अनिकेत विश्वचषक खेळून मोकळा झालेला होता.

त्याच संघात महाराष्ट्राशी नातं सांगणारा आणखी एक मुलगा होता, मुंबईत जन्मलेला आणि अमेरिकेत न्यू जर्सीत वाढलेला नमित देशपांडे. मराठी नावं एवढीच. मणिपूरची आठ. मणिपूरची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत साडेअठ्ठावीस लाख, म्हणजे साडेतीन लाख माणसांमागे एक खेळाडू. हेच प्रमाण सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्राला लावलं, तर आपले किती हवेत? ३१५. एकट्या मराठवाड्याचे ५२. पावणेबारा लाखांच्या संभाजीनगरचे तीन. संघात जागाच एकवीस होत्या, त्यामुळे हा हिशेब वेडगळ आहे हे मान्य. पण ‘आपली माती फुटबॉलची नाही’ असं म्हणणाऱ्यांनी तो एकदा करून बघावा. मणिपूरच्या मातीत काही मिसळलेलं नाही. तिथं गावोगाव क्लब आहेत.

अमेरिकेत कॉलेजचा खेळाडू म्हणजे कच्चा माल पुरवणारी एक पद्धतशीर साखळीच आहे. तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेच्या तिन्ही स्तरांत मिळून पंचवीस हजारांच्या घरात मुलं सॉकर खेळतात. आपल्या कल्पित कलर होल्डरांच्या आकड्याच्या जवळपासच हा आकडा. तिथल्या वरच्या लीगच्या २०२५च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी कॉलेजचे खेळाडू निवडायच्या दिवशी, ३० क्लबांनी तीन फेऱ्यांत ९० नावं पुकारायची होती. नाव पुकारलं म्हणजे करार झाला असं नाही. कित्येकांचं त्याच्या पुढे काहीच होत नाही. पण निदान एका ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या यादीतून, कॉलेजच्या मुलांसाठी नव्वद वेळा दार वाजतं. आपल्याकडे असा दिवसच नाही. ट्रायल कुठं आहे हे मित्राच्या मित्राकडून कळतं.

प्रमाण सगळीकडेच क्रूर आहे. मायकल कॅल्व्हिन या इंग्लिश पत्रकारानं २०१७मध्ये लिहिलं की, इंग्लंडमध्ये संघटित फुटबॉल खेळणाऱ्या पंधरा लाख मुलांपैकी प्रीमियर लीगपर्यंत पोचतात ते साधारण १८०. आठ हजारांत एक. त्यामुळे संभाजीनगरच्या पोराची संधी कमी, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. फरक कुठं आहे ते बघायचं, तर नेदरलँड्सकडे जावं लागतं.

नेदरलँड्सची आजची लोकसंख्या एक कोटी ऐंशी लाख. मराठवाड्याची २०११मध्येच एक कोटी सत्त्याऐंशी लाख होती. क्षेत्रफळात मराठवाडा त्याच्या दीडपट. त्या देशात व्यावसायिक फुटबॉल क्लब आहेत ३४. फुटबॉल संघटनेचे नोंदलेले सभासद बारा लाखांच्या आसपास. त्यांनी विश्वचषकाच्या तीन अंतिम लढती खेळल्या, १९७४, १९७८ आणि २०१०, आणि तिन्ही हरले, तो भाग वेगळा. आपल्या आठ जिल्ह्यांत व्यावसायिक क्लब एकही नाही. क्लबमागे वीस खेळाडू धरले, तर तिकडे ६८० खुर्च्या आणि इकडे शून्य. कल्पना करा: लातूरला दोन क्लब, नांदेडला तीन, जालन्याचा परभणीशी दर वर्षी हाणामारीचा सामना, धाराशिवचा संघ दुसऱ्या विभागात घसरल्यामुळे तिथं सुतकी कळा. संभाजीनगरच्या विंगरला शहरात जागा नसती, तर त्यानं बीडच्या क्लबकडे विचारलं असतं.

बीडवरून आठवलं. २०११मध्ये बीड शहराची वस्ती होती एक लाख सेहेचाळीस हजार. कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाओ बेटाची आजची वस्ती दीड लाखाच्या किंचित वर. नोव्हेंबर २०२५मध्ये कुरासाओ २०२६च्या विश्वचषकाला पात्र ठरलं. इतका लहान देश यापूर्वी तिथवर पोचला नव्हता. पण त्यांचे बहुतेक खेळाडू जन्मले आणि घडले ते नेदरलँड्समध्ये. म्हणजे बेट बीडएवढं असलं, तरी खुर्च्या डचांच्या.

आणि महाराष्ट्र? आपल्याकडे खुर्च्या नव्हत्याच असं नाही. त्या होत्या आणि गेल्या, हे जास्त लागतं. २०१४-१५चा हंगाम आठवा. आय-लीगमध्ये पुणे एफसी, मुंबई एफसी आणि कल्याणी समूहाचा भारत एफसी; सुपर लीगमध्ये मुंबई सिटी आणि पुणे सिटी. एका राज्यात देशाच्या वरच्या दोन स्पर्धांतले पाच क्लब. वीस-वीस भारतीय धरले, तर शंभर खुर्च्या. त्यापूर्वी २०१०मध्येच महिंद्र युनायटेडनं दुकान बंद केलं होतं, आणि हा संघ २००५-०६चा राष्ट्रीय लीगचा विजेता. भारत एफसी एक हंगाम खेळला आणि तळाला राहून संपला. पुणे एफसी २०१२-१३मध्ये देशात दुसरा आला होता. २०१५मध्ये तोही बाहेर पडला. डीएसके शिवाजियन्स आला आणि २०१७मध्ये थांबला. त्याच वर्षी मुंबई एफसी खालच्या श्रेणीत ढकलला गेला आणि संपला. २०१९मध्ये पुणे सिटी गेला, त्याची जागा हैदराबादला मिळाली. नऊ वर्षांत सहा क्लब. उरला मुंबई सिटी. पुढे केंकरेसारखा एखादा क्लब आय-लीगमध्ये येऊन गेला.

ही संगीतखुर्ची आहे, फक्त इथं गाणं सुरू असतानाच खुर्च्या उचलतात. यातला एकही क्लब खेळाडू मिळत नाहीत म्हणून बंद पडला नाही. मालकांचे पैसे, लीगचे नियम, दोन स्पर्धांची रस्सीखेच, अशी त्यांची कारणं होती. २०१४मध्ये विशीत असलेल्या मराठी खेळाडूनं त्याच्या पायांनी काय केलं, याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. तो उत्तम खेळला असता तरी पाच वर्षांत राज्यातल्या त्याच्या शंभर जागांच्या वीस झाल्याच असत्या. मैदानाच्या कडेला उभा राहून गुडघ्याला दोष देणाऱ्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवं.

डिसेंबर २०२५मध्ये मेस्सी वानखेडेवर आला, तेव्हा राज्यानं ‘महादेवा’ नावाची योजना मिरवली. तेरा वर्षांखालच्या ३० मुलगे आणि ३० मुली यांना पाच वर्षं शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण. चांगलं आहे. छत्तीस जिल्ह्यांत साठ, म्हणजे जिल्ह्यामागे दोनही पूर्ण येत नाहीत. पण दहा लाख लाथांपेक्षा साठ मुलांना सलग पाच वर्षं खेळवणं केव्हाही बरं. ही मुलं अठरा वर्षांची होतील तेव्हा त्यांना घ्यायला राज्यात क्लब किती असतील, हा आकडा मात्र त्या कार्यक्रमात कोणी सांगितला नाही.

कारण वरच्या खुर्च्याही डगमगतात. फुटबॉल महासंघ आणि सुपर लीग चालवणारी कंपनी यांच्यातला २०१०चा पंधरा वर्षांचा करार संपत आला, पुढचं ठरेना, आणि जुलै २०२५मध्ये हंगामच थांबवला गेला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीनं पहिल्या संघाचे पगार रोखले. ज्या ९१ जणांकडे देशातले तेवीस हजार कलर होल्डर बघत होते, ते स्वतःच सामना कधी होणार म्हणून विचारत बसले होते.

आपल्या विंगरनं मग काय केलं? बहुतेक जण करतात तेच. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. २०२४ला मैदानावर आलेल्या पोलीस भरतीत राज्यात १७,४७१ पदं होती. त्याचे पाच टक्के केले, तर सगळ्या खेळांना मिळून ८७३ जागा होतात, सुपर लीगच्या खुर्च्यांच्या साडेनऊ पट. प्रमाणपत्राची फाईल घेऊन तोही रांगेत उभा राहतो. मैदानी चाचणी पन्नास गुणांची: १६०० मीटर धावणे २०, १०० मीटर धावणे १५, गोळाफेक १५. धावण्यात तो सहज निघतो. गोळ्याचा मात्र त्याला सराव करावा लागतो.